पॉलीप्रॉपिलीनमध्ये न्यूक्लिएटर: किती टाकायचा, काय मोजायचं आणि झाकण का वाकतं

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शन मोल्डिंग करणाऱ्याला न्यूक्लिएटर, म्हणजे प्लास्टिक गोठताना स्फटिक लवकर आणि बारीक घडवणारी पावडर, विकताना बहुतेक वेळा दोनच गोष्टी सांगितल्या जातात: माल कडक होईल आणि सायकल टाइम उतरेल. दोन्ही खऱ्या आहेत. पण त्याच पावडरीने झाकणाचं माप बदलतं आणि डबा पडल्यावर तडकेल की टिकेल हेही बदलतं. शिवाय पुष्कळदा ती पावडर तुमच्या प्लास्टिकच्या दाण्यात कंपनीनेच आधी घातलेली असते. त्यामुळे आधी मोजायचं, मग टाकायचं आणि परत मोजायचं. हे सगळं कमीत कमी साधनांत कसं करायचं ते इथे सांगितलं आहे. उदाहरणादाखल एक किलो कांदा-लसूण मसाल्याचा डबा आणि त्याचं झाकण धरलं आहे.

आत काय घडतं

पॉलीप्रॉपिलीन, पुढे पीपी म्हणू, हे अर्धस्फटिकी प्लास्टिक आहे. त्याचं होमोपॉलिमर, म्हणजे फक्त प्रॉपिलीनचं बनलेलं पीपी, १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतं, पण थंड होताना त्याच तापमानाला गोठत नाही. रेणूंच्या लांब साखळ्या रचून बसायला कुठून तरी सुरुवात व्हावी लागते. मिनिटाला १० अंश या गतीने थंड केलं तर साधा दाणा ११० ते ११५ अंशांच्या आसपास स्फटिकतो. सुरुवातीच्या जागा थोड्या असतात, म्हणून प्रत्येक जागेतून वाढणारा गोळा, म्हणजे स्फेरुलाइट, ५० ते १०० मायक्रॉनपर्यंत मोठा होतो. न्यूक्लिएटर अशा जागा हजारो पटींनी वाढवतो. मग गोळे काही मायक्रॉनवरच एकमेकांना भिडतात आणि गोठणं १२० ते १३० अंशांनाच उरकतं.

कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे फार समजवावं लागत नाही. लॅडलमध्ये ०.१ ते ०.३ टक्के फेरोसिलिकॉनचं इनॉक्युलंट टाकतात, त्याचंच हे भावंड; मात्राही जवळपास तेवढीच. मोठा फरक असा की लोखंडात इनॉक्युलंटचा असर काही मिनिटांत उतरायला लागतो, पीपीत मात्र तो टिकून राहतो. दाणा परत वितळला तरी न्यूक्लिएटर आतच असतो.

न्यूक्लिएटर म्हणजे काचेच्या तंतूंसारखा मजबुती देणारा भराव नव्हे. एकूण स्फटिकांचं प्रमाणही तो थोडंच वाढवतो. डीएससी यंत्रावर, म्हणजे नमुना तापवताना-थंड करताना आत-बाहेर जाणारी उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर, वितळण्याची उष्णता ९७ जूल प्रति ग्रॅम आली, तर पूर्ण स्फटिकी पीपीच्या २०७ शी भागून ४७ टक्के स्फटिकता निघते. न्यूक्लिएटरनंतर ती १०२ झाली तर ४९ टक्के. कडकपणा वाढतो तो या दोन टक्क्यांमुळे, बारीक रचनेमुळे आणि साच्याच्या भिंतीलगत दिशा धरून गोठलेला थर जाड होतो म्हणून. दुसरीकडे, दोन स्फटिकांना बांधून ठेवणाऱ्या मोकळ्या साखळ्या कमी उरतात, म्हणून तुटेपर्यंतची ताण-लांबी घटते. आघात सोसण्याची ताकद मात्र दोन्हीकडे जाऊ शकते. मोठ्या गोळ्यांच्या कमजोर हद्दी गेल्याने ती वाढते, बांधणाऱ्या साखळ्या घटल्याने कमी होते. कमी एमएफआयच्या (वितळल्यावर दाणा किती सहज वाहतो त्याचा आकडा), म्हणजे लांब साखळ्यांच्या दाण्यात नुकसान कमी होतं. २५-३० एमएफआयच्या दाण्यात जपून राहा.

ढोबळ आकडे असे: साध्या होमोपॉलिमरचा फ्लेक्सुरल मॉड्युलस, म्हणजे वाकवताना मोजलेला कडकपणा, १३०० ते १६०० मेगापास्कल असतो. जोरकस न्यूक्लिएटरने तो १५ ते २५ टक्के चढतो आणि हीट डिफ्लेक्शन तापमान (भाराखाली माल वाकू लागतो ते) साधारण १० अंश किंवा त्याहून वर जातं. यील्डवरची, म्हणजे माल कायमचा ताणला जाऊ लागतो तिथली, ताकद फार तर ५ ते ८ टक्के वाढते. ‘दुप्पट मजबूत’ असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडे चाचणीचा कागद मागा.

कोणता घ्यायचा

डबा पारदर्शक हवा असेल तर सॉर्बिटॉलवर्गीय क्लॅरिफायर, तोही रँडम कोपॉलिमरमध्ये, म्हणजे साखळीत थोडं इथिलीन विखुरलेल्या पीपीत. ही पावडर वितळलेल्या पीपीत विरघळते आणि थंड होताना अतिशय बारीक तंतूंचं जाळं धरते. जाळं तयार व्हायला किमान मात्रा लागते, म्हणून १००० पीपीएमखाली (पीपीएम म्हणजे वजनाने दहा लाखांत एक भाग) पैसे वाया जातात. नेहमीची मात्रा १५०० ते २५०० पीपीएम. बॅरल, म्हणजे मशीनचं दाणा वितळवणारं नळकांडं, २१० ते २४० अंशांत ठेवा. तापमान कमी पडलं तर न विरघळलेले पांढरे ठिपके दिसतात. फार वर गेलं तर बदामासारखा वास येतो आणि साच्यावर पांढरट थर बसतो.

कडकपणा हाच उद्देश असेल तर फॉस्फेट एस्टरचे सोडियम क्षार सगळ्यांत जोरकस. १००० ते २००० पीपीएम पुरतात. सोडियम बेंझोएट जुनं आणि स्वस्त, १००० ते ३००० पीपीएम. अर्धा ते एक टक्का बारीक टाल्कही न्यूक्लिएटरचं काम करतो. त्याची धार कमी, पण तो सहज मिळतो आणि अपारदर्शक मालाला चालतो. माप आणि सपाटपणा महत्त्वाचा असेल, म्हणजे झाकणं, ट्रे, टोपणं, तर सायक्लोहेक्झेन डायकार्बोक्झिलेटचे कॅल्शियम क्षार विचारा. ते दोन्ही दिशांना जवळपास सारखं आकसू देतात.

एक शत्रू ओळखून ठेवा: कॅल्शियम स्टिअरेट. दाण्यात आम्ल मारण्यासाठी, रंगाच्या मास्टरबॅचमध्ये (रंग किंवा पावडर दाट मिसळलेले दाणे) वंगण म्हणून आणि काही ठिकाणी हॉपरमध्ये मूठभर, असं ते तीन वाटांनी येतं. सोडियम क्षारांच्या न्यूक्लिएटरचा असर ते खाऊन टाकतं. अशा वेळी मात्रा वाढवण्यापेक्षा पुरवठादाराला आम्ल मारण्यासाठी स्टिअरेटऐवजी हायड्रोटॅल्साइट असलेला ग्रेड मागणं शहाणपणाचं.

पहिली पायरी: दाण्यात आधीच आहे का?

पैसे वाचवणारी पायरी हीच, आणि तीच सर्रास गाळली जाते. ग्रेडच्या माहितीपत्रकात ‘न्यूक्लिएटेड’, ‘हाय क्रिस्टलिनिटी’, ‘क्लॅरिफाइड’ किंवा ‘अँटिस्टॅटिक थिन वॉल’ असं लिहिलेलं असेल तर न्यूक्लिएटर बहुधा आतच आहे. नसेल लिहिलं तर दोन-तीन दाणे डीएससी चाचणीला द्या. नमुना ५ ते १० मिलिग्रॅम. २२० अंशांपर्यंत तापवून पाच मिनिटं तिथेच धरा, म्हणजे जुन्या स्फटिकांची आठवण पुसली जाते. मग मिनिटाला १० अंशांनी थंड. स्फटिकनाचं शिखर ११५ च्या खाली असेल तर दाणा कोरा आहे. १२० च्या वर असेल तर त्यात आणखी घालून फारसा फरक पडणार नाही. तापवण्याची आणि थंड करण्याची ही अट कागदावर लिहून द्या. नाहीतर प्रयोगशाळा फक्त वितळण्याचा आलेख देते, आणि त्यातून हे कळत नाही.

रिसायकल दाण्याची डीएससी करून घ्या, पण त्यात न्यूक्लिएटर घालण्याच्या फंदात सहसा पडू नका. दहा ठिकाणचे रंग, टाल्क आणि थोडं पॉलिइथिलीन आधीच आत असतं.

दुसरी पायरी: वजन आणि मिसळणं

२५ किलोच्या गोणीला २००० पीपीएम म्हणजे फक्त ५० ग्रॅम शुद्ध पावडर. तेवढी पावडर हॉपरमध्ये ओतली तर ती दाण्यांवर न बसता तळाशी उतरते. पहिले काही शॉट (साचा एकदा भरून निघालेला माल) ठासून भरलेले आणि पुढचे कोरे निघतात. इंजेक्शनचा स्क्रू इतकी बारीक पावडर नीट फोडतही नाही. म्हणून शक्यतो १० टक्क्यांची मास्टरबॅच घ्या. मग हिशोब सोपा होतो: २४.५ किलो दाणा आणि ५०० ग्रॅम मास्टरबॅच म्हणजे २००० पीपीएम, २४.७५ किलो आणि २५० ग्रॅम म्हणजे १०००, २४.८७५ किलो आणि १२५ ग्रॅम म्हणजे ५००. मास्टरबॅचची टक्केवारी गोणीवरून वाचा, गृहीत धरू नका. ५ टक्क्यांची निघाली तर हा सगळा हिशोब अर्ध्यावर येतो.

पावडरच वापरायची असेल तर गोणीमागे २५ ते ३० मिलिलिटर पॅराफीन ऑइल दाण्यांना आधी चोळा, मग पावडर टाकून टंबलरमध्ये दहा मिनिटं फिरवा आणि शक्य असेल तर ट्विन स्क्रूवरून एकदा काढा. अशा वेळी कोरा नमुनाही त्याच स्क्रूवरून काढावा लागतो. एका नमुन्याने वितळण्याची एक फेरी जास्त खाल्ली आणि दुसऱ्याने नाही, तर तुलनेला अर्थ उरत नाही. वजनासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. गोणी तोलायच्या काट्यावर ५० ग्रॅम मोजू नका.

तिसरी पायरी: नमुने काढणं

चार बॅच करा: कोरी, ५००, १००० आणि २००० पीपीएम. क्रम हाच ठेवा, चढता. उलट केलं तर बॅरलमध्ये उरलेला न्यूक्लिएटर कोऱ्या बॅचला बाटवतो, कारण जोरकस प्रकारांना काम करायला थोडी मात्राही पुरते. बॅच बदलताना बॅरलच्या तीन-चार पट माल पर्ज करून, म्हणजे नुसता वाहवून, टाका आणि पुढचे १५ शॉट बाजूला ठेवा.

चारही बॅचना तापमान, वेग, होल्ड प्रेशर (साचा भरल्यावर धरून ठेवलेला दाब) आणि कूलिंग तेच. साचा ४० अंशांवर धरा; पट्टीच्या नमुन्यांसाठी हेच तापमान प्रचलित आहे. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टच्या हवेत १२-१५ अंशांचं पाणी सोडलं की साच्याला घाम फुटतो. पट्टीवर पाण्याचे डाग उमटतात आणि भिंतीलगतचा थर बदलतो, म्हणजे चाचणीच बिघडते.

नमुना १२७ × १२.७ × ३.२ मिलिमीटरची पट्टी, बॅचला किमान दहा. साच्यातून निघाल्यावर पीपी दोन दिवस आतल्या आत स्फटिकत आणि आकसत राहतं. म्हणून ४० तास २३ अंशांना ठेवून मगच मोजायचं. एसी खोली नसेल तर निदान चारही बॅच एकाच तासाभरात मोजा. पीपीचा कडकपणा उष्णतेत झपाट्याने उतरतो. एप्रिलच्या दुपारी मोजलेली एक बॅच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलेली दुसरी, यांतला फरक न्यूक्लिएटरच्या फरकाएवढा असू शकतो.

कडकपणा: डायल गेजवर

प्रयोगशाळेत ही चाचणी एएसटीएम डी ७९० प्रमाणे होते. आधारांमधलं अंतर जाडीच्या १६ पट, म्हणजे सुमारे ५१ मिलिमीटर, आणि वेग मिनिटाला साधारण १.४ मिलिमीटर. तिथे पाठवण्याआधी स्वतःच्या शॉपमध्ये चाळणी लावता येते. ०.०१ मिलिमीटरचा डायल गेज इथल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये असतोच.

दोन गोल सळ्या नेमक्या १०० मिलिमीटर अंतरावर पक्क्या बसवा आणि पट्टी त्यांवर आडवी ठेवा, दर वेळी तीच बाजू वर. मध्यावर खालून गेज टेकवा आणि टेकलेला असतानाच शून्य करा, म्हणजे गेजच्या स्प्रिंगचा दाब दोन्ही वाचनांत सारखा राहतो. आता मध्यावर ५०० ग्रॅमचं वजन हळूच टांगा आणि बरोबर ६० सेकंदांनी वाचा. पीपी भाराखाली सरकत राहतं. कोणी २० सेकंदांनी वाचलं आणि कोणी ९० ला, तर आकडे जुळणार नाहीत.

मॉड्युलस काढायला बल गुणिले अंतराचा घन. त्याला भागायचं चार गुणिले रुंदी गुणिले जाडीचा घन गुणिले वाक, या आकड्याने. ५०० ग्रॅम म्हणजे ४.९ न्यूटन. वाक १.९६ मिलिमीटर आला तर मॉड्युलस सुमारे १५०० मेगापास्कल, १.६४ आला तर सुमारे १८००. म्हणजे २० टक्क्यांची वाढ गेजवर ०.३२ मिलिमीटर दिसते, डोळ्यांनी ओळखण्याइतकी. एका मिनिटाच्या सरकण्यामुळे हा आकडा प्रयोगशाळेपेक्षा थोडा कमी येतो, पण बॅच-बॅचमधली तुलना खरी असते.

सगळी चूक जाडीत होते. हिशोबात जाडीचा घन आहे, ३.२० ऐवजी पट्टी ३.२६ असेल आणि तुम्ही ३.२० च धरली, तर कडकपणा ६ टक्के फुगून दिसतो. न्यूक्लिएटेड बॅच वेगळ्या प्रमाणात आकसते, त्यामुळे जाडी बदललेलीच असते. प्रत्येक पट्टी मध्यावर मायक्रोमीटरने मोजा आणि तिचीच जाडी हिशोबात धरा.

चारही बॅचचे आकडे कागदावर मांडले की वक्र दिसतो. सोडियम क्षारांत ५०० लाच बरीच चढ येते आणि १००० च्या पुढे वक्र आडवा होत जातो. सॉर्बिटॉलमध्ये ५०० ला जवळजवळ काहीच नाही, मग एकदम उडी. वक्र जिथे आडवा झाला तिथेच थांबा, त्यापुढची पावडर फुकट.

आघात: पट्टीवर नव्हे, डब्यावर

होमोपॉलिमरची खाचेची आयझॉड चाचणी, म्हणजे खाच पाडलेली पट्टी लोलकाने तोडण्याची चाचणी, २० ते ३० जूल प्रति मीटरच्या आसपास फिरते आणि त्यात फरक नीट दिसत नाही. प्रत्यक्ष डबाच पाडा. डब्यात एक किलो वाळू भरा, झाकण लावा आणि ठरलेल्या उंचीवरून फरशीवर कोपऱ्यावर सोडा. तडकला तर पुढचा डबा १५ सेंटिमीटर खालून, नाही तडकला तर १५ वरून. असे किमान २० डबे पाडून सरासरी उंची काढा. हेच परत रात्रभर फ्रिजमध्ये ४-५ अंशांवर ठेवलेल्या डब्यांवर करा. पीपीच्या साखळ्या शून्य अंशाच्या आसपास आखडतात, त्यामुळे होमोपॉलिमरची खरी परीक्षा थंडीत होते. २३ अंशांना दोन्ही बॅच सारख्या ठरतात आणि फ्रिजमधून काढल्यावर न्यूक्लिएटेड आधी तडकते, हे नेहमीचं चित्र. ग्राहक डबा फ्रिजमध्ये ठेवणार असेल तर रँडम किंवा इम्पॅक्ट कोपॉलिमरकडे वळा. मात्रेशी खेळून हा प्रश्न सुटत नाही.

तडा नेहमी गेटपासूनच, म्हणजे माल साच्यात शिरतो त्या तोंडापासूनच, निघत असेल तर दोष न्यूक्लिएटरला देण्याआधी गेटजवळची जादा पॅकिंग (दाबाने ठासला गेलेला माल) तपासा.

निळं झाकण वाकतं, पांढरं नाही

साचा तोच, दाणा तोच. पांढरी झाकणं सपाट निघतात आणि निळा रंग लावला की ती वाकतात. मग साचा बदलला जातो, कूलिंग वाढवलं जातं, होल्ड प्रेशर खालीवर होतं. कारण रंगातच असतं. थॅलोसायनिन निळा आणि हिरवा हे स्वतःच जोरकस न्यूक्लिएटर आहेत. पांढऱ्यातला टायटॅनियम डायऑक्साइड आणि बहुतेक अजैविक रंग त्या मानाने गप्प असतात.

मोजायचं असं. झाकणाच्या साच्यावर प्रवाहाच्या दिशेने आणि आडव्या दिशेने प्रत्येकी एक माप घ्या, मग ४८ तासांनी झाकणावर तीच मापं. साच्याचं माप १०० आणि झाकणाचं ९८.४ म्हणजे आकसणं १.६ टक्के. पीपीत १ ते २.५ टक्के नेहमीचंच आहे. खरा प्रश्न दोन दिशांमधल्या फरकाचा. मधोमध गेट असलेलं झाकण त्रिज्येच्या दिशेने जास्त आकसलं तर परिघ उरतो आणि झाकण खोगिरासारखं वळतं. परिघाच्या दिशेने जास्त आकसलं तर ते वाटीसारखं फुगतं. वाटी दिसली तर साच्याच्या दोन अर्ध्या भागांचं तापमान आधी तपासा, त्यानेही तेच होतं. खोगीर दिसलं तर संशय रंगावर आणि न्यूक्लिएटरवर.

उपाय असा की सगळ्या रंगांच्या मालात एकच समतोल आकसणारा न्यूक्लिएटर ठरलेल्या मात्रेत घालायचा, म्हणजे रंगाचा जोर त्याच्यापुढे दबतो आणि सगळी झाकणं एकाच मापाची निघतात. मात्र त्या मापाला साचा बसवून घ्यावा लागतो. ११० मिलिमीटरच्या झाकणात आकसण्याचा फरक ०.२ टक्के पडला तरी ०.२२ मिलिमीटर होतात, आणि टिचकीने बसणारं झाकण तेवढ्याने सैल होतं किंवा बसतच नाही.

सायकल टाइम कसा उतरवायचा

दाणा १० ते १५ अंश आधी गोठतो, म्हणून तो साच्यातून लवकर काढता येतो. कूलिंग एकेक सेकंदाने कमी करा. दर वेळी पाच शॉट सोडून पुढचे पाच ठेवा आणि ४८ तासांनी मापं घ्या. इजेक्टर पिनचा ठसा उमटला किंवा सपाटपणा गेला की एक सेकंद मागे या.

होल्डचा वेळही परत शोधावा लागतो, कारण गेटही आधी गोठतो. होल्ड एकेका सेकंदाने वाढवत शॉटचं वजन करा. वजन वाढायचं थांबलं तिथे गेट बंद झाला, त्यापुढचा वेळ वाया. पातळ गेटमध्ये मात्र तो इतक्या लवकर बंद होऊ शकतो की आत पुरेसं पॅकिंगच होत नाही आणि जाड भागावर सिंक मार्क, म्हणजे खोलगट खुणा, येतात. तेव्हा गेट थोडा मोठा करा किंवा इंजेक्शनचा वेग वाढवा.

बीटा प्रकाराबद्दल थोडं

कॅल्शियम पिमेलेट किंवा गॅमा क्विनॅक्रिडोन नावाचा लाल रंग वेगळ्याच जातीचे स्फटिक घडवतात, त्यांना बीटा म्हणतात. ते सुमारे १५० अंशांना वितळतात, कडकपणा थोडा घटवतात आणि चिवटपणा बराच वाढवतात. पाइप आणि जाड शीटमध्ये त्यांचा उपयोग आहे. पण ते साधारण १०० ते १४० अंशांमध्ये सावकाश थंड झालं तरच वाढतात. पातळ डब्यात, थंड साच्यात ते मिळत नाहीत. वर निळा रंग असेल तर अल्फाच, म्हणजे पीपीचा नेहमीचा स्फटिकच, जिंकतो.

मालाची नोंद आणि कागद

न्यूक्लिएटेड रनर (साच्याच्या वाटेत गोठलेला माल) आणि रिग्राइंड (दळून परत वापरायचा माल) वेगळ्या गोणीत ठेवून वर मात्रा लिहा. ते कोऱ्या मालात २० टक्के मिसळलं तर २००० पीपीएमच्या मालातून ४०० पीपीएम आलेच, आणि सोडियम क्षारांना तेवढं पुष्कळ होतं. निळं रिग्राइंड पांढऱ्या-राखाडी झाकणात गेलं तर रंग तर बिघडतोच, झाकण वाकायलाही लागतं.

मसाल्याचा, लोणच्याचा, दुधाचा डबा असेल तर खाद्यसंपर्काचा दाखला दाण्याचा, न्यूक्लिएटरचा आणि रंगाच्या मास्टरबॅचचा असा तिन्ही मागा. पीपीसाठी आयएस १०९१०, रंगांसाठी आयएस ९८३३ आणि स्थलांतर चाचणीसाठी, म्हणजे प्लास्टिकमधून खाद्यात काय उतरतं ते बघायला, आयएस ९८४५. एकूण स्थलांतराची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे. चाचणी तयार डब्याचीच करून घ्या आणि तेलकट पदार्थासाठी म्हणून सांगा, कारण कांदा-लसूण मसाल्यात तेल असतं. पाण्यातली चाचणी त्याला लागू पडत नाही.